हौशे, नवशे, गवशे : धावण्याच्या पुस्तकांत नेमकं कोण धावतं?

१

"सर, तुमी काहून पयता जी? तुमाले तं नोकरी हाये."

अमरावतीत छत्री तलावाच्या रस्त्यावर, २०२३च्या जून महिन्यात, एका पोरानं मला हा प्रश्न विचारला. पहाटेचे साडेपाच वाजले होते. मी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभा होतो. तो जागच्या जागी उड्या मारत होता, त्याचं अंग अजून गरमही झालं नव्हतं. मी म्हणालो, "शुगर निघाली, म्हणून." "मंग बरं हाये," म्हणून तो निघून गेला.

माझी नोकरी अमरावतीत आणि घर अकोल्यात. आठवड्यातले पाच दिवस भाड्याच्या खोलीत, शनिवार-रविवार घरी. शेहेचाळिसाव्या वर्षी रक्तातली साखर काठावर आल्याचं कळलं, तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. मी पळायला लागलो, कारण चालताना ओळखीचे लोक भेटतात आणि थांबून बोलावं लागतं. आणि माझ्यासारखी माणसं कुठलीही गोष्ट सुरू करताना आधी जे करतात तेच मीही केलं. पुस्तक मागवलं. हारुकी मुराकामीचं 'व्हॉट आय टॉक अबाउट व्हेन आय टॉक अबाउट रनिंग'. पुढचं वर्षभर ते माझ्या उशाशी होतं. जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन धावायची, असं ठरवून मी ते वाचत होतो आणि पळत होतो.

हा लेख त्या पुस्तकाबद्दल आहे. ते चांगलं पुस्तक आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या पोरानं विचारलेला प्रश्न त्या पुस्तकात कुठंच नाही. सुरुवातीला मला ही साधी गोष्ट वाटली होती. वर्ष संपता संपता ती महाग पडली, आणि तिची किंमत माझ्याऐवजी दुसऱ्यानं मोजली.

२

मुराकामीचा जन्म १९४९चा. टोकियोत तो जॅझचा बार चालवायचा. कादंबऱ्या लिहायला लागल्यावर त्यानं बार विकला, आणि दिवसभर टेबलाशी बसून वजन वाढायला लागलं म्हणून १९८२मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, धावायला सुरुवात केली. पुस्तक जपानीत २००७मध्ये आलं, फिलिप गेब्रिएल यांचा इंग्रजी अनुवाद २००८मध्ये. नावाची ठेवण रेमंड कार्व्हरच्या एका कथेच्या नावावरून उसनी घेतली आहे.

पुस्तकाचा सांगाडा एका हौशी धावपटूच्या तयारीच्या हंगामाचा आहे. २००५च्या उन्हाळ्यात हवाईतल्या कवाई बेटावर ते सुरू होतं. मग लेखक अमेरिकेतल्या केंब्रिजला जातो आणि चार्ल्स नदीच्या काठानं धावतो. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कची मॅरेथॉन. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर तारीख आणि गाव. मधे जुन्या आठवणी येतात : १९८३मध्ये भर उन्हाळ्यात अथेन्सहून मॅरेथॉन गावापर्यंत केलेली एकट्याची दौड, १९९६मध्ये जपानच्या सारोमा सरोवराकाठची शंभर किलोमीटरची शर्यत, जी त्यानं ११ तास ४२ मिनिटांत पूर्ण केली, आणि त्यानंतर धावण्यावरचं उडालेलं मन.

या पुस्तकाचं खरं बळ मला ते दुसऱ्यांदा वाचताना कळलं. पहिल्या वाचनात शिस्त दिसते, रोजचे किलोमीटर दिसतात. दुसऱ्यांदा दिसतं की हे उताराला लागलेल्या शरीराचं पुस्तक आहे. पन्नाशी ओलांडलेला माणूस पूर्वीइतकाच सराव करतो, किंबहुना जास्त, आणि तरी वेळ घसरत जाते. न्यूयॉर्कच्या शर्यतीसाठी तो महिनोन्‌महिने नीट तयारी करतो आणि शर्यतीत पायांत गोळे येतात. वाचकाला विजयाची सवय लागलेली असते. इथं तो मिळत नाही, आणि लेखक त्याबद्दल रडतही नाही. आपण का हरलो याची सारवासारव तो करतो, पण त्या सारवासारवीवर त्याचाच विश्वास नाही, हे वाचकाला दिसू देतो. आपल्याकडच्या 'मी कसा घडलो' छापाच्या आत्मकथनांत हे सहसा सापडत नाही.

वाक्यंही तशीच. छोटी, सपाट, एकाच लयीत पडणारी. सुरुवातीला ती मला बेचव वाटली. मग एका रविवारी अकोल्यात कृषी विद्यापीठाच्या आवारातल्या रस्त्यांवर अठरा किलोमीटर पळालो. चौदाव्या किलोमीटरनंतर डोक्यात विचार येतात ते अगदी असेच असतात : पाणी कुठं आहे, डावा बूट चावतो आहे, समोरचं झाड कडुनिंबाचं आहे. मोठा विचार करायला तिथं रक्तच उरत नाही. मुराकामीनं त्या अवस्थेची भाषा प्रामाणिकपणे कागदावर आणली आहे.

अथेन्सच्या प्रकरणात तो रस्त्यात मेलेली कुत्री-मांजरं मोजत जातो. हे वाचून मी उठून बसलो होतो. आमचा अमरावती–अकोला महामार्ग ज्यांनी पाहिला आहे त्यांना कारण कळेल. जून २०२२मध्ये याच महामार्गावर, लोणी ते माना या टप्प्यात, एका मार्गिकेचं ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग करून गिनीज बुकात नोंद झाली. त्या विक्रमी डांबरावर मीही कधीकधी पळालो आहे, आणि मोजदाद केली आहे.

३

पण मुराकामीचा रस्ता रिकामा आहे. म्हणजे माणसं आहेत, पण ती बाजूनं जातात. चार्ल्सकाठी हार्वर्डच्या नव्या विद्यार्थिनी केसांच्या शेपट्या उडवत त्याला मागं टाकतात. तो त्यांच्याकडे कौतुकानं बघतो, आपल्या वयाबद्दल चार ओळी लिहितो, आणि त्या पुढं निघून जातात. त्या का धावतात हे त्याला विचारावंसं वाटत नाही, त्यांनाही त्याला काही विचारायचं नसतं. धावणं ही आपली खाजगी गोष्ट आहे असं तो मानतो, आणि भोवतालचं जगही ते मान्य करतं.

आमच्या रस्त्यावर हे शक्य नाही. पहाटे पाचला छत्री तलावाकडे जा, किंवा अकोल्यात वसंत देसाई स्टेडियमवर जा. चालणारे निवृत्त लोक असतात, योगासनवाले असतात, आणि त्या सगळ्यांच्या मधून दहा-दहा, वीस-वीसच्या टोळीनं पोरं-पोरी पळत असतात. बहुतेक शेतकऱ्यांची, शेतमजुरांची. मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, बार्शीटाकळीकडून येऊन खोली करून राहिलेली. सकाळी मैदान, दुपारी अभ्यासिका, रात्री मेस. ही 'भरतीची पोरं'. पोलीस, एसआरपी, सैन्य, वनरक्षक, जिथं जागा निघेल तिथं.

पोलीस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर, त्याला २० गुण. बाकीचे शंभर मीटर आणि गोळाफेकीला. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारले तर वीसपैकी वीस. त्यापुढं सेकंदांच्या टप्प्यांनी गुण उतरत जातात. पूर्वी पुरुषांना पाच किलोमीटर धावावं लागायचं. जून २०१४मध्ये मुंबईतल्या भरतीत, उन्हात ते पाच किलोमीटर धावताना काही उमेदवारांचे जीव गेले, मग अंतर कमी झालं. २०२४च्या भरतीत राज्यात सुमारे साडेसतरा हजार जागा होत्या आणि अर्ज सतरा लाखांहून अधिक. एका जागेमागे शंभर. आमच्या रस्त्यावर पळणाऱ्या प्रत्येक पोराला हा भागाकार तोंडपाठ आहे.

म्हणून त्याचा प्रश्न उद्धट नव्हता. त्याच्या जगात पळण्याचा अर्थच नोकरी हा होता. ज्याला नोकरी आहे तो पळतो, म्हणजे काहीतरी बिनसलं असणार. 'शुगर' हे उत्तर त्याला पटलं, कारण तेही एक काम होतं. "मनाच्या शांतीसाठी" किंवा "स्वतःला ओळखण्यासाठी" असं मुराकामीच्या वळणाचं उत्तर दिलं असतं, तर तो हसला असता.

इथं भाषेचीही एक गंमत आहे. आमच्याकडं कुणी 'धावत' नाही, 'पयतात'. धावणं हा पुस्तकातला शब्द, वर्तमानपत्रातला शब्द. आणि पळण्यात पळून जाणंही आलंच. कापसाच्या भावापासून, बापाच्या कर्जापासून, गावातल्या रिकाम्या पारापासून. 'धावपटू' या शब्दात यातलं काही ऐकू येत नाही.

४

'हौशी धावपटू' म्हणजे कोण? इंग्रजीतल्या शब्दाच्या मुळाशी प्रेम आहे. आपल्या शब्दाच्या मुळाशी हौस आहे. हौसेला मोल नाही, असं आपण म्हणतो. त्याचा एक अर्थ असा की हौस करणाऱ्यानं मोल विचारायचं नसतं. माझ्या बुटांची किंमत त्या पोराच्या मेसच्या दोन महिन्यांच्या पैशांपेक्षा जास्त होती. घड्याळाबद्दल तर बोलायलाच नको.

जत्रेला येणाऱ्यांचे तीन प्रकार मराठीनं फार पूर्वीच करून ठेवले आहेत : हौशे, नवशे आणि गवशे. मजेसाठी आलेले, नवस फेडायला आलेले, आणि काही गवसतं का ते पाहायला आलेले. गवशा हा शब्द आपण थोड्या तुच्छतेनं वापरतो. मला तो इथं तसा वापरायचा नाही. ज्याच्या हाती काही नाही तोच काही शोधायला येतो. धावण्याबद्दलची पुस्तकं आणि सिनेमे या तीन चाळण्यांतून घालून पाहिले, तर बरंच काही वेगळं होऊन खाली पडतं.

मुराकामी हौशा. यात कमीपणा नाही. हौशी माणसाला हरण्याची मोकळीक असते, आणि त्या मोकळिकीतूनच त्याचा प्रामाणिकपणा येतो. न्यूयॉर्कमध्ये पायांत गोळे आले म्हणून त्याचं काही बुडत नाही, उलट एक चांगलं प्रकरण मिळतं.

ॲलन सिलिटोची दीर्घकथा 'द लोनलीनेस ऑफ द लाँग डिस्टन्स रनर' १९५९ची. तिचा नायक स्मिथ, गरीब वस्तीतला पोरगा, चोरीपायी सुधारगृहात आहे. तिथल्या प्रमुखाला त्याच्याकडून संस्थेसाठी कप जिंकून हवा आहे, म्हणून त्याला पहाटे एकट्यानं बाहेर धावायची मुभा मिळते. शर्यतीत तो सगळ्यांच्या पुढं असतो आणि शेवटच्या रेषेअलीकडे मुद्दाम रेंगाळतो. त्यांचा कप तो त्यांना देत नाही. कोण कुणासाठी धावतं, हा प्रश्न या कथेला पुरता ठाऊक आहे, म्हणून मुराकामीनंतर ती वाचताना फार बरं वाटलं. पण भरतीच्या पोरांमध्ये उभं राहून वाचली की तीही अडखळते. स्मिथचं हरणं ही बंडखोरी ठरू शकते, कारण जिंकून त्याच्या हाती फारसं काही लागणार नसतं. पाच मिनिटं दहा सेकंदांच्या रेषेअलीकडे मुद्दाम थांबणारा पोरगा वऱ्हाडात शोधून सापडणार नाही. इथं व्यवस्थेला नकार देण्याची ऐपत कुणाकडं नाही. व्यवस्थेच्या आत शिरायलाच तर सगळे पळताहेत.

नवशांची गोष्ट सांगणारा सिनेमा आपल्याकडं आहे : 'लता भगवान करे', २०२०चा, दिग्दर्शक नवीन देशबोईना. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, बारामतीजवळ येऊन मजुरी करणाऱ्या लताबाई साठी ओलांडल्यावर, नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून, नऊवारी नेसून अनवाणी शर्यत धावल्या आणि जिंकल्या. सिनेमात त्यांनी स्वतःच स्वतःची भूमिका केली, त्यासाठी सदुसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. कारागिरीच्या दृष्टीनं सिनेमात उणिवा आहेत. पार्श्वसंगीत सांगतं तेव्हा आपण रडावं अशी त्याची अपेक्षा असते. पण लताबाईंचं चालणं खोटं करता येत नाही. पळताना त्यांचे खांदे हलतात ते डोक्यावर ओझं वाहिलेल्या बाईचे खांदे आहेत. ती गोष्ट कुठल्याच प्रशिक्षण-वेळापत्रकात मावत नाही. माझी तक्रार एवढीच की सिनेमा त्यांना चमत्कार करून टाकतो. चमत्काराचं कौतुक केलं की तपासणीला पैसे का नव्हते, हे विचारायचं राहून जातं.

असा चमत्कार आपण आधीही केला आहे. १९१९च्या सुमारास पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी पळणारे शेतकरी पाहून दोराबजी टाटांना ऑलिंपिकला संघ पाठवावासा वाटला. १९२०मध्ये अँटवर्पला बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. शंभर वर्षांत ही गोष्ट आपण क्रीडा-सामान्यज्ञानाच्या एका ओळीत बसवली. त्या शेतकऱ्यांना पळताना काय वाटत होतं, हे कुणी लिहून ठेवलं असतं तर आज मला मुराकामीला धरून बसावं लागलं नसतं.

अकोल्यात नवशे पाहायचे तर श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी यावं. गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरून, सतरा-अठरा किलोमीटर अनवाणी, रात्रभर, खांद्यावर भरण्यांची कावड घेऊन पोरं राजराजेश्वराला येतात. त्या वर्षी मी पहाटे रस्त्याच्या कडेला उभा राहून ती पाहिली. आदल्या दिवशी माझे अठरा किलोमीटर झाले होते आणि मी ते घड्याळात जपून ठेवले होते. समोरून तेच अंतर ओझ्यासकट येत होतं. कुणीही घड्याळ पाहत नव्हतं. थकला की बाजूचा खांदा देत होता. त्यांत दोघं-तिघं भरतीचे ओळखीचे निघाले. म्हणजे तीन चाळण्या काही पक्क्या नाहीत. तोच पोरगा सोमवारी नवशा आणि मंगळवारी गवशा.

५

जानेवारी २०२४मध्ये मी अमरावती–मुंबई एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो आणि मॅरेथॉन धावलो. त्याचं वर्णन लांबवत नाही, तशी वर्णनं पुष्कळ आहेत. पहाटेच्या अंधारात सीएसएमटीहून निघालो, सी-लिंकवर उजाडलं, शिवाजी पार्कच्या पुढं पाय बोलायला लागले आणि परतीच्या पेडर रोडच्या चढावर मी चाललो. मुराकामीला आपल्या थडग्यावर काय लिहिलं जावं असं वाटतं, ते वाचकांना माहीत असेल : निदान शेवटपर्यंत आपण कधी चाललो नाही, अशा अर्थाचं काहीतरी. मी चाललो. एका आजींनी संत्र्याच्या दोन फोडी हातावर ठेवल्या. वरुड-मोर्शीच्या मुलखातून आलेल्या माणसाला मुंबईत कुणी संत्रं द्यावं, याचं हसू आलं आणि त्या हसण्यावर मी पुढचा चढ चढलो. पाच तास आठ मिनिटं. पदक मिळालं.

परत आल्यावर छत्री तलावावर मला थोडा मान मिळाला. 'बेचाळीस किलोमीटरवाले सर.' तो जूनमधला पोरगा आता रोजच्या ओळखीचा झाला होता. त्याचे १६०० मीटर ५ मिनिटं १६-१७ सेकंदांवर अडले होते. सहा-सात सेकंद हवे होते. तो मला विचारायला लागला आणि मी सांगायला लागलो.

इथून पुढचं सांगताना मला लाज वाटते, पण त्याशिवाय या टीकेला अर्थ नाही. मी त्याला माझं वेळापत्रक दिलं. आठवड्याचे किलोमीटर वाढव, रविवारी लांब पळ, दमसास आपोआप येईल. माझे जुने बूट दिले. सातशे किलोमीटर झालेले, पण वरून चांगले दिसणारे. तोवर तो साध्या कॅनव्हासच्या बुटांत किंवा अनवाणी मातीच्या मैदानावर सराव करायचा. मी त्याला डांबरावर आणलं. एप्रिलच्या शेवटी तो म्हणाला, "सर, नडगी दुखून राह्यली." तेव्हा मी त्याला मुराकामी ऐकवला.

पुस्तकाच्या सुरुवातीलाच एका धावपटूचा मंत्र येतो. वेदना होणं आणि तिचा त्रास करून घेणं या वेगळ्या गोष्टी आहेत, पहिली टळत नाही, दुसरी आपल्या हाती असते, असा त्याचा आशय. जगभरच्या हौशी धावपटूंच्या टी-शर्टांवर तो छापला गेला आहे. पेडर रोडवर तो मला उपयोगी पडला होता. मी तो वऱ्हाडीत करून त्याला सांगितला. त्यानं मान डोलावली. सर सांगतात म्हटल्यावर मान डोलावतातच.

जून २०२४मध्ये त्याची मैदानी झाली. त्या आधीचे तीन आठवडे तो धड पळू शकला नव्हता. १६०० मीटरला ५ मिनिटं २३ सेकंद लागले, वीसऐवजी अठरा गुण मिळाले. लेखीच्या यादीत नाव आलं नाही. त्याच्या प्रवर्गाची यादी त्याच्यापेक्षा एका गुणावर थांबली होती. फोनवर तो एवढंच म्हणाला, "दोन मार्कानं गेलो सर."

माझ्या बुटांमुळंच, माझ्या वेळापत्रकामुळंच हे झालं, असं छातीठोकपणे कुणी म्हणणार नाही. त्या तीन महिन्यांत तो बापासोबत रानातही राबत होता. पण बेचाळीस किलोमीटरची तयारी आणि सोळाशे मीटरची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुठल्याही तालमीतल्या वस्तादानं सांगितलं असतं. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४पासून आहे. तिथून १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकला प्रात्यक्षिकांसाठी पथक गेलं होतं. शरीराचं शास्त्र शिकलेली माणसं या गावात रस्त्यारस्त्यावर भेटतात. मी त्यांच्यापैकी कुणाला विचारलं नाही. पुस्तकावर भागवलं.

आणि वेदनेचा तो मंत्र? तो हौशा माणसाचा मंत्र आहे. ज्याची वेदना त्याची एकट्याची असते त्यालाच ती सोसायची की नाही हे ठरवता येतं. नडगी दुखते याचा अर्थ थांब, असं त्या पोराचं शरीर सांगत होतं. अनवाणी पळताना तो हे ऐकत आला होता. मी त्याला ते न ऐकायला शिकवलं. मुराकामी कुणाला असं शिकवत नाही. आपलं पुस्तक इतरांसाठी नियमावली नाही, हे तो स्वतःच सांगतो. चूक वाचणाऱ्याची. पण ज्या पुस्तकात धावणाऱ्याशिवाय दुसरं माणूसच नाही, त्याचा वाचकही शेजारच्या माणसाला आपलीच प्रत समजायला लागतो. ही मर्यादा पुस्तकाची.

६

त्याच जूनमध्ये शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघाली आणि दरवर्षीप्रमाणे अकोल्यावरून गेली. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. तेव्हा मला दि. बा. मोकाशी आठवले, आणि त्या रात्री मी कपाटातून 'पालखी' काढलं.

१९६४चं पुस्तक. मोकाशींचं पुण्यात रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. वारकरी नसलेला, शंकेखोर, शहरी मध्यमवर्गी माणूस ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर पायी चालतो. त्यांच्या दुसऱ्या एका प्रवासवर्णनाचं नावच 'अठरा लक्ष पावलं' आहे. माणूस पायांनी लिहिणारा. 'पालखी'मध्ये पाय दुखतात, झोप मिळत नाही, पावसाची चिंता असते. हे सगळं मुराकामीतही आहे. फरक असा की मोकाशींच्या शेजारी सतत कुणीतरी चालत असतं आणि मोकाशी त्याला विचारतात : तुम्ही का येता? म्हातारे, विधवा, कर्जानं गांजलेले, सुखवस्तू, ढोंगी, भोळे, सगळे काही ना काही उत्तर देतात. कुणाचंच उत्तर मोकाशींना पूर्ण पटत नाही. मग तोच प्रश्न उलटून त्यांच्यावर येतो : आणि मी का आलो? या प्रश्नाला ते शेवटपर्यंत सोडवत नाहीत, पण टाळतही नाहीत. हौशे, नवशे, गवशे सगळे त्या एका रस्त्यावर आहेत आणि लेखकाला आपण त्यांतले कोण, याची खात्री नाही.

पायांबद्दल लिहिण्याची आपली रीत मुळात अशीच आहे. मराठी गद्याची सुरुवात आमच्याच जिल्ह्यातल्या ऋद्धिपूरच्या परिसरात झाली. 'लीळाचरित्र' हे चक्रधरांच्या पायी भ्रमंतीचं पुस्तक आहे आणि महानुभावांच्या आचारात अटन, म्हणजे फिरत राहणं, हा नियमच आहे. पण त्यातली प्रत्येक लीळा कुणीतरी भेटल्यामुळं घडते. कुणी प्रश्न विचारतं, कुणी भांडतं, कुणी जेवू घालतं. एकट्या माणसाचा एकटा रस्ता हा आपल्याकडच्या पायवाटांचा विषय सहसा नव्हता.

म्हणून मुराकामी वाचू नये असं मी म्हणत नाही. वय आणि शिस्त यांबद्दल इतकं खरं लिहिणारे थोडे आहेत. फक्त त्याचं पुस्तक हे धावण्याचं पुस्तक आहे, असं म्हणणं आता मला जमत नाही. ते धावण्याच्या एका जातीचं पुस्तक आहे. वऱ्हाडातल्या पहाटेचं पुस्तक लिहायचं तर मोकाशींसारखं थांबून शेजारच्याला विचारावं लागेल, आणि त्याचं उत्तर आपल्या किलोमीटरांपेक्षा मोठ्या अक्षरांत लिहावं लागेल. पुढची भरती निघेपर्यंत वय उरतं का, याचा हिशेब त्यात येईल. लग्न ठरलं म्हणून मैदान सुटलेल्या पोरी येतील. आणि बुटांच्या जोडीबरोबर सल्ला देणारा एक सरही त्यात येईल, आणि तो नायक नसेल.

तो पोरगा पुन्हा मैदानावर आला, पावसाळा संपल्यावर. नडगी बरी झाली होती. आता त्याला एक माजी सैनिक शिकवतात, मातीच्या ट्रॅकवर, चारशे-चारशेचे तुकडे करून. माझं काम कडेला उभं राहून वेळ सांगण्याचं. ते मला जमतं. परवा दोन फेऱ्यांच्या मधे तो बाकावर बसला असताना मी त्याला त्या जपानी लेखकाबद्दल सांगितलं. त्याला नोकरी नाही, भरती नाही, तरी रोज पळतो, आणि त्यावर त्यानं अख्खं पुस्तक लिहिलं आहे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग बुटाची नाडी बांधत विचारलं, "सोळाशेचा टायमिंग काय जी त्याचा?"

पुस्तकात तो नाही.